आज बसू नकोस

६ फेब्रुवारी

मावशी, पाया पडते.

फोनवर मी ओरडले तरी तुला ऐकू येत नाही आणि इकडे लाँड्रीतल्या सगळ्या बायकांना ऐकू येतं, म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. अक्षरं ओळ सोडून खाली घसरतील, तू मान तिरकी करून वाच.

आपली बुडबुडी बसली, मावशी.

कुणाचा हात नाही, काही नाही. चादरींच्या टोपलीत. हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या मशीनमधून कशा येतात ते तू पाहिलं नाहीस. पांढऱ्या, गरम, वाफ सोडत, एकीमागून एक. मी या टोकाला उभी राहून धरते आणि घडी घालते. दुपारी खिडकीतून ऊन आलं की वाफ आणि ऊन एक होतं, समोरची बाईसुद्धा धूसर दिसते, आपण जागे आहोत का झोपेत तेच कळेनासं होतं. बुडबुडीला मी नेहमीसारखं टोपलीत निजवलं होतं. तर समोरच्या बाईचा हात थांबला आणि ती नुसती माझ्या मागे बघत राहिली. मी वळले. ही बसलेली. पाठ वाकडी, मान डुगडुगती, दोन्ही हात चादरीत रुतवलेले, आणि ओठांवर तो नेहमीचा बुडबुडा. मी हाकसुद्धा मारली नाही, वाटलं आवाज केला तर ढासळेल. मग बुडबुडा फुटला आणि ती हळूच कलंडली, घडी घातलेली चादर घसरावी तशी.

चार वर्षांची झाली, आणि आज पहिल्यांदा. जन्मली तेव्हा श्वास घ्यायला हिनं उशीर केला, तेवढ्यात डोक्यातलं काहीतरी दुखावलं. मान धरायलाच दोन वर्षं लागली. बोलत नाही. आपलं बोललेलं हिला कळतं का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. जे काही झालं ते व्यायामाच्या केंद्रामुळे. तिथल्या ताई हिला मोठ्या चेंडूवर पालथी घालून डोलवतात, मग कोमट पाण्याच्या हौदात उतरवतात. पाण्यात हिचे आखडलेले हात आपोआप सुटतात, जसं काही ते कुणी आधीच सोडवून ठेवले होते. हे सगळं सरकारी आरोग्य कार्डावर चालतं. हिचे बाबा महिना महिना ट्रकवर असतात तरी आमच्या खिशाला ते झेपण्यातलं नाही.

आता भीतीचं. कार्डाची तपासणी आलीय पुढच्या महिन्यात. सरकारी डॉक्टर हिला बघणार आणि व्यायाम पुढे चालू ठेवायचे का ते ठरवणार. ऑफिस म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं, तुला माहीत आहे. परवा दुपारी डबा खाऊन टेकले तर डोळा लागला. स्वप्नात गच्चीवर चादरी वाळत होत्या आणि त्यांच्या खालून पावलं दिसत होती, इवली इवली, एका चादरीमागून दुसरीमागे जाणारी. मी चादर बाजूला करत गेले तर मागे आणखी चादर. पावलं काही थांबेनात.

काय करू तपासणीला? तू सांग.

तुझीच

१५ फेब्रुवारी

पोरी,

खूप आशीर्वाद, त्यातले निम्मे बुडबुडीला.

माझा चष्मा खालच्या शिंपिणीकडे राहिला होता, म्हणून तुझं पत्र आधी तिनं वाचलं. वाचून ती मला खुणा करायला लागली. मधेच हात टेकून खाली बसली, मान डुगडुगवली. मला वाटलं बाईला चक्कर आली. तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. मग तिनं रागानं कागद हातात दिला तेव्हा कळलं की ती बुडबुडी करून दाखवत होती. आता ती माझ्याशी बोलत नाही. तसंही मला कुठे ऐकू येतं.

सगळ्या गल्लीला सांगून आले. तू रडली असशील, मी पण रडले, आता पुरे.

तपासणीचं काय घेऊन बसलीस? तुझी आई गेल्यावर मी तुला वाढवली, तेव्हा घरी कुणी यायचं असलं की मी काय करायचे? डोक्याला तेल, तोंडाला पाणी, धुतलेला फ्रॉक, आणि पाठीत एक धपाटा, ताठ उभी राहा म्हणून. आपलं पोर चारचौघांत न्यायचं तर लखलखीत न्यायचं. बुडबुडीला आदल्या दिवशी लवकर निजव. सकाळी पाठ चोळ, पोटभर खाऊ घाल. आणि तोवर रोज बसवायची सवय कर. डॉक्टरला दिसू दे की सरकारचे पैसे मातीत जात नाहीत. काम दिसलं की बक्षीस मिळतं. आमच्या सूतगिरणीतसुद्धा मिळायचं, म्हणजे इतरांना मिळायचं.

तोंडाला कुलूप लागलं तर पोर बोलेल तुझ्यासाठी. बसून बोलेल.

मावशी

१२ मार्च

मावशी, पाया पडते.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. लवकर निजवली, पाठ चोळली, केस विंचरले. खोलीत निळा पडदा होता आणि उन्हानं सगळी खोलीच निळी झाली होती. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर तरुण होते, वागायला बरे होते, पण घाईत. विचारलं, आधाराशिवाय बसते का? मी म्हटलं, तुम्हीच बघा की. आणि बसवली.

बसली गं! ते लिहीत होते तोवर बसून राहिली. त्यांनी शाब्बास म्हटलं. रोज बसते का, तर म्हटलं हो, रोज. हातानं वस्तू धरते का, हो, धरते. कुणी घरी आल्यावर पोर नीट जेवतं का असं विचारलं तर आपण कशा हो हो म्हणतो, तशी मी म्हणत गेले. खरं तर बसते ती चार दिवसांतून एकदा, आणि वस्तू हातात दिली तर धरते, घेत नाही. पण ऑफिसात माझी जीभ पहिल्यांदाच चालली होती, मग मीच तिच्यामागे धावत गेले.

बाहेर आले तेव्हा इतकी हलकी झाले होते की पायऱ्या कधी उतरले आठवत नाही. केंद्रात जाऊन व्यायामाच्या ताईंना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गप्प झाल्या. म्हणाल्या, बघू या. का गप्प झाल्या असतील?

तुझीच

२० मार्च

पोरी,

गप्प झाल्या कारण शाब्बास तुला मिळालं, तिला नाही. माणसाचा स्वभाव आहे, मनावर घेऊ नकोस. कामगाराचं कौतुक थेट मालकानं केलं की मुकादमाचं तोंड आमच्याकडेही असंच व्हायचं.

बघ, मी म्हटलं नव्हतं? आज बसली, उद्या रांगेल, मग तुझ्या पाठीमागे चादरी ओढत पळेल आणि तू मला लिहिशील की मावशी, ही ऐकत नाही. शिंपीण पुन्हा बोलायला लागली आहे. बुडबुडीसाठी सलवार शिवते म्हणते. चालणाऱ्या मुलीला फ्रॉकपेक्षा सलवार बरी.

निकाल आला की लगेच कळव.

मावशी

२ मे

मावशी, पाया पडते.

रागावली असशील. तुझी दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. लिहिलं होतं, पण फाडलं. तुला कसं सांगायचं तेच समजत नव्हतं.

निकाल मार्चमध्येच आला. बुडबुडी बसते म्हणून तिची गरज कमी झाली, असं ठरलं. बसणारं पोर कमी गरजेत जातं. कमी गरजेच्या पोराला व्यायाम नाहीत आणि पाण्याचा हौदही नाही, वर्षातून एकदा डॉक्टरनं बघायचं, बस. ताई गप्प का झाल्या ते तेव्हा कळलं. त्यांच्यासमोरून अशी कितीतरी पोरं गेलीत. त्या मला आधी बोलल्या नाहीत, कारण पोराला वाईट दाखवा असं त्यांनी सांगितलं तर त्यांची नोकरी जाते.

तू म्हणालीस तसं झालं, मावशी. ती बसून बोलली. त्यांनी तेवढंच ऐकलं.

आता ती फारशी बसत नाही. टोपलीत ठेवली की एका अंगावर पडते. पाठ पुन्हा लाकडासारखी झालीय. मी घरी चोळते, ताईंनी दाखवलं तसं वाकवते, पण माझ्या हातांत ते नाही. कधी कधी झोपेत तिचे हात पाण्यात असल्यासारखे वर येतात. मी कडेला बसून बघते. मग उतरतात.

फेरतपासणी मिळालीय, या महिन्याच्या शेवटी, तीन जणांच्या समितीपुढे. केंद्राच्या दाराशी जुळ्यांची आई भेटली. तिची दोन्ही मुलं बुडबुडीसारखी, मोठी आहेत. ती मला म्हणाली, कुणी सांगितलं तुला पोर नटवून न्यायला? तपासणीला पोर उपाशी न्यायचं. रात्रभर झोपू द्यायचं नाही. दमलेलं, किरकिरं, लोळागोळा झालेलं पोर टेबलावर ठेवायचं आणि आपण रडायचं. सगळ्या आया तेच करतात. मी म्हटलं, सगळ्या? ती म्हणाली, नाही, एक तू सोडून.

तुझी काही चूक नाही. हे लिहायलाच इतके दिवस लागले. पण आता काय करू ते सांग. मला फार भीती वाटते. ही भीती पोटात नाही, पायांत आहे. चालताना जमीन मऊ लागते.

तुझीच

९ मे

पोरी,

पत्र वाचून दिवसभर चूल पेटवली नाही. शिंपिणीला तर सांगितलंच नाही, सलवार तशीच अर्धी राहू दे.

म्हणजे लंगड्याला काठी द्यायची, काठीनं चालायला लागला की म्हणायचं, चालतोस की, आण ती काठी. ज्यानं हा नियम लिहिला त्याच्या घरी एकही पोर नसेल. असलंच तर त्याच्या बायकोला विचार काय ते.

माझी चूक नाही असं तू लिहिलंस ते बरं वाटलं, पण मला अक्कल आहे.

आता माझं ऐक. जुळ्यांची आई सांगते तसं कर. मी तुला लहानपणी खोटं बोललीस म्हणून बदडलंय, ते सगळं मागे घेते. खरं-खोटं भरल्या पोटानं करायच्या गोष्टी आहेत. तिला एक दिवस उपाशी ठेवलीस तर मरणार नाही, पण व्यायाम गेले तर ती आयुष्यभर त्या टोपलीत राहील. तुला रडायला सांगायची गरज नाही, ते तुला येतं. मुंडी खाली घाल आणि एक शब्द बोलू नकोस. कुलूप लागतं म्हणतेस ना तोंडाला? लागू दे की मग. एकदा तरी कामाला येऊ दे.

झालं की लगेच लिही. या वेळी पत्र फाडलंस तर मी स्वतः येईन.

मावशी

३१ मे

मावशी, पाया पडते.

काल झालं. आज लाँड्रीत गेले नाही. सगळं एका दमात सांगते, नाहीतर मलाच वाटेल की स्वप्न होतं.

तिला उपाशी ठेवणं मला जमलं नाही. ठरवलं होतं, पण सकाळी तिनं तोंड उघडलं आणि माझा हात आपोआप वाटीकडे गेला. झोपू दिलं नाही असंही झालं नाही, उलट जास्तच झोपली. म्हणजे मी पोचले तेव्हा ती टवटवीत होती. बाकावर बाकीच्या आया होत्या. त्यांची पोरं मलूल, डोळ्यांखाली काळं, एक तर मानच उचलत नव्हतं. जुळ्यांच्या आईनं माझ्या पोरीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

आमचा पुकारा झाला तेव्हा मी घाबरून तिच्या कानाशी बोलले. तिला कळेल म्हणून नाही. माणूस भिंतीशी बोलतो तशी बोलले. म्हटलं, बाळा, आज बसू नकोस. काही झालं तरी बसू नकोस.

आत तीन माणसं. मधे एक वयस्कर बाई, त्यांना सर्दी झाली होती, रुमाल नाकाला. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारे साहेब. टेबलावर गादी. डॉक्टरांनी तिला दोन्ही हातांनी धरून वर उचललं तर ती ओल्या चादरीसारखी लोंबली. मान मागे गेली. ते म्हणाले, मागच्या वेळी बसली होती असं लिहिलंय. पुन्हा बसवलं. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा हात सोडला तर सरळ गादीवर निजली, डोळे मिटून. मला वाटलं खरंच गेलं सगळं. व्यायाम बंद झाले आणि जे होतं तेही गेलं.

डॉक्टर लिहायला वळले. आणि मावशी, तिनं एक डोळा उघडला. खोलीभर फिरवला. मला शोधलं. माझ्याकडे बघितलं आणि पटकन मिटला. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

ती मला विचारत होती, बरं चाललंय ना?

त्यापुढे मला काही ऐकू येईना. सगळे बोलत होते पण आवाज पाण्याबाहेरून येत होते. खिडकीतलं ऊन, गादी, त्या बाईंचा रुमाल, सगळं लांब गेलं आणि मधे फक्त तिचा तो मिटलेला डोळा. हिला कळतं. हिला सगळं कळतं. मला एकाच वेळी नाचावंसं वाटलं आणि जमिनीत जावंसं वाटलं. त्या बाई साहेबांना म्हणत होत्या, जास्त गरज, लिहा. मिळालं होतं, मावशी. मी नुसतं गप्प बसायचं होतं. तूही तेच सांगितलं होतंस. आयुष्यभर नको तिथे गप्प बसले, आणि जिथे बसायचं होतं तिथे माझं तोंड उघडलं.

मी म्हटलं, थांबा. ती सोंग करतेय. मीच सांगितलंय तिला.

सगळे बघायला लागले. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, बाळा, झालं आता. बस. डॉक्टरांचं बोट तिच्या हाताजवळ होतं. तिनं ते धरलं आणि उठली. थरथरत, वाकडी, पण उठली. आणि बसली.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, म्हणजे तुम्ही आम्हाला फसवत होतात?

मी म्हटलं, हो. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या फसवायलाच आल्यात. कुणी पोराला झोपू दिलं नाही, कुणी खायला दिलं नाही. पोर चांगलं दिसलं की तुम्ही व्यायाम काढून घेता. मग आम्ही पोराला वाईट दिसायला शिकवतो. हिला बोललेलं कळतं हे मला आत्ता कळलं, चार वर्षांनी, तुमच्यासमोर. आणि मी हिला काय सांगितलं होतं, तर बसू नकोस.

त्या बाईंनी नाक पुसलं, मग डोळे पुसले. सर्दीनंच असेल. निर्णय नंतर कळवू म्हणाल्या.

बाहेर आले आणि बाकावर बसले. जुळ्यांच्या आईनं विचारलं, काय झालं? दार उघडंच होतं गं. तिनं सगळं ऐकलं होतं. तरी विचारलं.

मी बरोबर केलं का वाट लावली?

तुझीच

७ जून

पोरी,

वाट लावलीस. आणि बरोबर केलंस. दोन्ही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. समितीचं एकदा आणि त्या डोळ्याचं दोनदा. नंतर शिंपिणीला दिलं. ती इतकी रडली की मी माझा चष्मा काढून घेतला, ओला झाला असता.

म्हणजे ती सगळं ऐकत होती? मागच्या खेपेला मी आले होते तेव्हा जावयांच्या घोरण्याबद्दल, त्यांच्या आईबद्दल आणि त्यांच्या कंजूसपणाबद्दल जे जे बोलले, ते सगळं तिच्या उशाशी बसून बोलले होते. तिला म्हणावं, आजीनं जे सांगितलं ते घरातलं घरात. बापाला कळता कामा नये.

तुझ्या हातून सोंग झालं नाही याचं मला वाईट वाटत नाही. पोरीच्या हातून झालं याचा तर अभिमान वाटतो. असं बेमालूम पडून राहणं आपल्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. निकाल काहीही येवो. आता तू घाबरलीस तरी एकटी नाहीस, तुझ्याजवळ एक जाणतं माणूस आहे, तीन फुटांचं.

मावशी

२२ जुलै

मावशी, पाया पडते.

पुष्कळ दिवस गेले, पण या वेळी एकही पत्र फाडलं नाही. लिहायला वेळच झाला नाही.

आधी वाईट. आमचा निर्णय लटकलेलाच राहिला, पण मी बोलले त्याचा परिणाम आधी दुसऱ्यांवर झाला. पुढच्या तपासणीला त्यांनी पोरांना बाहेरच्या खोलीत ठेवून घेतलं, दूध पाजलं, झोपू दिलं आणि मग तपासलं. जुळी दोन्ही कमी गरजेत गेली. मी त्यांच्या घरी गेले तर आईनं दार अर्धंच उघडलं. म्हणाली, तू खरं बोलून मोठी झालीस, आणि उघडी पडली ती आमची पोरं. मी जिन्यातच बसून राहिले. तिथे संध्याकाळचं ऊन पायरीपायरीनं वर चढत होतं, माझ्या पायांवरून, गुडघ्यांवरून. मला उठवेना. ती दोनदा बाहेर डोकावली. तिसऱ्यांदा पाणी दिलं.

मग त्या सर्दीवाल्या बाईंचा निरोप आला. आरोग्य खात्याची मोठी सभा आहे, नियम तिथेच बदलतात, तिथे आयांनी येऊन सांगावं. मी जुळ्यांच्या आईला विचारायला गेले. ती म्हणाली, येते, पण तुझ्यासाठी नाही. तुझं तोंड पुन्हा भलतीकडे उघडू नये म्हणून. आणि तिनंच सगळ्या आयांना गोळा केलं. मला तर बोलायचीही हिंमत झाली नसती.

तिनंच सांगितलं, या वेळी पोरांना भरपूर झोपवा. खाऊ घाला. नटवा. जेवढं म्हणून येतं तेवढं सगळं करू द्या.

मावशी, तो हॉल तू बघायला हवा होतास. उंच खिडक्या, सकाळचं ऊन तिरकं येऊन जमिनीवर सांडलेलं आणि त्या उजेडात आमची पोरं सोडलेली. एक मुलगा आपल्या खुर्चीचं चाक स्वतः ढकलत होता, गोल गोल, कुठे जायचं नव्हतंच त्याला. एक मुलगी मोठ्यानं आ आ करत होती, तिची आई म्हणाली, ती गाते. जुळे एकमेकांचा हात धरून गादीवर पडले होते, एक ओढायचा आणि दुसरा हसायचा. बुडबुडी मधोमध बसली होती. एकटी. साहेब लोकांना कुठे बघावं तेच कळत नव्हतं. कुणी भाषण ऐकायला आल्यासारखे कागद काढले होते, ते तसेच हातात राहिले.

मला बोलायला लावलं. पाय मऊ झाले होते, पण जुळ्यांच्या आईनं मागून माझा पदर घट्ट धरून ठेवला होता, पडायची सोयच नव्हती. मी एवढंच म्हटलं की हे सगळं व्यायामानं झालंय. चांगलं दिसलं म्हणून तुम्ही ते थांबवलंत, तर पुढच्या वर्षी हा हॉल गप्प असेल. मग मागून ती म्हणाली, आणि वाईट दिसायचं असेल तर तेही आम्हाला येतं, साहेब, पण आता कंटाळा आलाय.

नियम बदलला. पोर सुधारलं म्हणून आता व्यायाम बंद होणार नाहीत. जी काढली होती ती सगळी पोरं परत घेतली, जुळीसुद्धा. उभं राहायला लागणारे पायांचे पट्टे अजून कार्डावर नाहीत, त्यासाठी परत जायचंय, जुळ्यांची आई तारीख काढतेय. परवा बुडबुडी पाण्यात उतरली. ताई बराच वेळ तिचं डोकं तळहातावर धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

पण मावशी, मला दुसरंच काहीतरी सतावतंय. चार वर्षं मी तिच्या उशाशी बसून काय काय बोललेय. हिचं काय होणार, माझं काय होणार, माझ्यामागे हिला कोण बघणार. तिला कळत नाही म्हणून मोठ्यानं बोलायचे. ते सगळं तिनं ऐकलंय आणि तरी सकाळी मला बघून हसलीय. आता दुपारी टोपलीशी बसले की एकेक आठवून तिला सांगते, ते खरं नव्हतं गं, आई घाबरली होती. ती ऐकून घेते. कधी कधी झोपते. इतकं आहे की संपत नाही.

तुझीच

३० जुलै

बुडबुडीबाईंना,

अनेक आशीर्वाद.

आजवर तुझ्याबद्दल पुष्कळ लिहिलं, तुला मात्र हे पहिलंच. तुझी आई वाचून दाखवेल. जोडाक्षराला ती अडखळते, तेव्हा हसू नकोस, मला कळव.

तुझं सगळं कळलं. सोंग छान केलंस. बसलीस तेही छान. दोन्ही येणारी माणसं कमी असतात.

तुझी आई लहानपणी जिन्याच्या अंधाराला घाबरायची. मी म्हणायचे, अंधारात काही नसतं. पण ती मला घट्ट धरायची आणि तशीच वर चढायची. घाबरणं तिला कधीच सुटलं नाही, चढणंही सुटलं नाही. ती आता टोपलीशी बसून जे काही सांगते, ते सगळं ऐकून घ्यायलाच हवं असं नाही. कंटाळा आला तर तिच्या नाकावर बुडबुडा फोड.

आता कामाचं. शिंपिणीनं सलवार पुरी केली. ती मीच आणून द्यावी म्हणते, आणि आले की थोडे दिवस राहावं म्हणते. तू बोलत नाहीस आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे आपलं भांडण व्हायची सोय नाही. पण आईला विचारलं तर ती लगेच हो म्हणेल आणि मनात खाट कुठे टाकायची त्याची काळजी करत बसेल. म्हणून तुला विचारते. मी यायला नको असेन, तर मान टाकून पडून राहा, मी समजून घेईन. यायला हवी असेन, तर बस.

घाई नाही. आई लिहील तोवर मी वाट बघते.

तुझी
आजी